आधाराचे प्रथिन आणि कापण्याची जागा

जीवाणूच्या पेशीत मानवी संप्रेरकाचे जनुक घातले की ते संप्रेरक आपोआप मिळू लागते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हे इतके सोपे नाही. १९७७ साली अमेरिकेत झालेला सोमॅटोस्टॅटिनचा प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

सोमॅटोस्टॅटिन हे शरीरातील वाढीच्या संप्रेरकाला आवर घालणारे संप्रेरक. त्याचा रेणू अवघ्या १४ ॲमिनो आम्लांचा. कॅलिफोर्नियातील इटाकुरा, रिग्ज, बॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे जनुक रासायनिक रीतीने तयार केले आणि ई. कोलाय या जीवाणूत घातले. जनुकाची रचना तपासली, ती बरोबर होती. पण सोमॅटोस्टॅटिन काही सापडेना!

दोष कोठे असावा? पेशीत प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात. एवढी चिमुकली, परकी साखळी तयार होताच ती विकरे तिचा फडशा पाडत असावीत, असा तर्क निघाला. मग संशोधकांनी सोमॅटोस्टॅटिनचे जनुक बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या जीवाणूच्या स्वतःच्या प्रथिनाच्या जनुकाच्या शेवटाकडे जोडले. हे प्रथिन हजाराहून अधिक ॲमिनो आम्लांचे. त्याच्या शेपटाला चिकटलेले सोमॅटोस्टॅटिन आता टिकले. अशा जोडणीला ‘संयुक्त प्रथिन’ म्हणतात.

आता दुसरा प्रश्न : हे शेपूट सोडवायचे कसे? सायनोजेन ब्रोमाइड हे विषारी रसायन प्रथिनाची साखळी फक्त मेथिओनिन या ॲमिनो आम्लापाशी, त्याच्या लगेच पुढे तोडते. संशोधकांनी जोडावर एक मेथिओनिन आधीच ठेवले होते. आधाराच्या प्रथिनाचे अनेक तुकडे झाले; पण सोमॅटोस्टॅटिनमध्ये मेथिओनिन नसल्याने ते अखंड सुटले. इन्शुलिनच्या २१ व ३० ॲमिनो आम्लांच्या दोन्ही साखळ्यांतही मेथिओनिन नाही. म्हणून १९७८ साली त्या याच युक्तीने वेगवेगळ्या मिळवून मग जोडण्यात आल्या.

मेथिओनिन असलेल्या प्रथिनांचे काय? त्यांच्यासाठी अधिक चोखंदळ कात्री हवी. तंबाखूच्या एका विषाणूपासून मिळणारे ‘टेव्ह’ हे विकर सात ॲमिनो आम्लांची ठरावीक ओळ ओळखूनच कापते. अशी ओळ दुसरीकडे योगायोगाने सापडणे फार दुर्मिळ.

तरीही प्रयोग अडतो. अशा वेळी एकेक पायरी तपासावी :

१. प्रथिन तयारच होत नाही – जनुकाची रचना व जोड तपासावा. एक अक्षर गळले किंवा जास्त आले, तरी पुढचे सर्व वाचन बिघडू शकते.

२. प्रथिन बनते, पण त्याचे अविद्राव्य गोळे होतात – जीवाणू ३७ ऐवजी सुमारे २० अंश सेल्सिअसला वाढवून पाहावेत. प्रथिन सावकाश बनले की त्याला नीट घडी पडण्यास अवसर मिळतो.

३. विकर कापत नाही – कापण्याची जागा घडीत दडली असेल. तेथे ग्लायसीनसारख्या लहान ॲमिनो आम्लांचा लवचीक दुवा घालावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

विचार करा : ग्लुकॅगॉन या संप्रेरकात २९ ॲमिनो आम्ले असून २७ वे मेथिओनिन आहे. सायनोजेन ब्रोमाइड वापरल्यास काय होईल?