सौर संचाची बॅटरी भरत नाही, तेव्हा

सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने शहराचा बराच भाग जलमय झाला, तेव्हा विजेवाचूनच्या रात्री सुरतकरांनी अनुभवल्या. अशा वेळी गच्चीवरील लहान सौर संच दोन दिवे व एक पंखा चालवू शकतो. मात्र त्याची बॅटरी भरलेली असली पाहिजे. ती भरत नाही असे दिसताच बहुतेक जण नवी बॅटरी आणतात. दोष अन्यत्र असल्यास नवीही लवकरच निकामी होते व काही हजार रुपये वाया जातात.

75 वॅटचे पॅनेल व 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असलेला संच उदाहरणादाखल घेऊ. तपासणीस साधा मल्टिमीटर पुरतो. भर दुपारी पॅनेलच्या तारा कंट्रोलरपासून सोडवून दाब मोजावा. तो 18 ते 21 व्होल्ट असावा. तथापि केवळ दाबावर विसंबू नये. पाण्याच्या टाकीची सावली दोन-चार सौरघटांवर पडली तरी दाब ठीक दिसतो, प्रवाह मात्र पार घटतो. धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांचाही परिणाम असाच होतो. स्वच्छ उन्हात 3 ते 4 अँपिअर प्रवाह मिळालाच पाहिजे.

यानंतर तारा पुन्हा जोडून, बॅटरी भरत असताना, कंट्रोलरच्या टोकांवर आणि लगेच बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. बहुतेकांच्या नजरेतून निसटणारा दोष येथेच सापडतो. कंट्रोलरपासून बॅटरी 5 मीटर दूर असून तार 1 चौरस मिलिमीटरची असेल, तर 4 अँपिअरला जाता-येता सुमारे 0.7 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. कंट्रोलरला 14.4 व्होल्ट दिसतात. बॅटरी भरत आली असे समजून तो प्रवाह आवरता घेतो. प्रत्यक्षात बॅटरीला 13.7 व्होल्टच मिळतात. तार 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी, अंतर कमी करावे, टोकांवरील पांढरा-हिरवा थर खरवडून काढावा.

येथवर सारे ठीक असेल तरच बॅटरीवर संशय घ्यावा. काही तास विसावलेल्या भरल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.7 व्होल्ट असतो, निम्म्या भरलेलीचा 12.2. हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासावेत. एकच कप्पा इतरांहून फार मागे असेल तर ती बॅटरी गेली. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, आम्ल कदापि नाही.

कधी संच निर्दोष असतो, हिशेब मात्र चुकलेला असतो. 15 वॅटचा पंखा 8 तास व 9 वॅटचे दोन दिवे 5 तास चालवले, तर रोज 17.5 अँपिअर-तास खर्च होतात. उघड्या आकाशात 20 जमा होतात. ढगाळ आषाढात 8 झाले तरी पुष्कळ. चार-पाच दिवसांत बॅटरी रिकामी होते आणि तशीच राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. पावसाळ्यात पंखा आवरावा.

भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको, खोली हवेशीर हवी. तारा सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.