बोट मागून का वळते?

प्रश्न: आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. यंदा 17 फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली. सोबत 60 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर आला. आम्ही दोघंही वीस वर्षं गाडी चालवतो आहोत, पण पहिल्याच दिवशी धक्क्यापासून निघताना बोटीचं पुढचं टोक नीट सुटलं आणि मागचा कोपरा मात्र लाकडावर घासत गेला. असं का व्हावं? आणखी एक. फिशफाइंडर, ट्रोलिंग मोटर, जास्तीची बॅटरी, स्पीकर अशी जोडण्यासारख्या वस्तूंची लांब यादी हातात आहे. आधी काय घ्यावं? जुलैत आई-बाबा पुण्याहून येत आहेत. त्यांना लेक सेंट क्लेअरवर न्यायचं मनात आहे.
(एक वाचक, मिशिगन)

उत्तर: आधी त्या कोपऱ्याचं पाहू, कारण बोट चालवण्याचं निम्मं शिक्षण त्यातच आहे.

गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागची त्यांच्यामागून येतात. बोटीत वळवणारं बळ मागच्या टोकाला असतं. स्टिअरिंग फिरवलं की अख्खं इंजिन वळतं, प्रॉपेलर पाणी तिरकं फेकतो आणि बोटीची मागची बाजू उलट दिशेला ढकलली जाते. पुढे जाणारी बोट ज्या बिंदूभोवती फिरते, तो पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर असतो. म्हणजे तुमच्या 17 फुटांपैकी 11 फूट त्या बिंदूच्या मागे आले. धक्का उजव्या हाताला असताना स्टिअरिंग डावीकडे फिरवून तुम्ही पुढे निघालात, तर पुढचं टोक थोडंसं डावीकडे जातं आणि मागचे 11 फूट उजवीकडे, थेट लाकडावर.

म्हणून धक्क्यावरून मागची बाजू आधी सोडवायची. स्टिअरिंग धक्क्यापासून दूरच्या बाजूला फिरवा आणि मग रिव्हर्स टाका. इंजिन मागच्या बाजूला बाहेर ओढून घेतं. मोकळं पाणी मिळालं की पुढे निघा. धक्क्याला लागताना साधारण 30 अंशांच्या कोनात, अगदी सावकाश या. जवळ आल्यावर स्टिअरिंग धक्क्यापासून दूर फिरवून पुढच्या गिअरचा क्षणभर झटका दिला, की पुढचं टोक बाहेर आणि मागचं आत येऊन बोट समांतर होते. मग स्टिअरिंग धक्क्याकडे फिरवून क्षणभर रिव्हर्स द्या. बोट थांबते आणि मागची बाजूही आत येते. बहुतेक एका इंजिनाच्या बोटींचा प्रॉपेलर उजवीकडे फिरणारा असतो, त्यामुळे रिव्हर्समध्ये मागची बाजू किंचित डावीकडे सरकते. नवशिक्यांना धक्का डाव्या हाताला ठेवून लागणं सोपं जातं, ते यामुळेच.

दोन गोष्टी हाताला लागेपर्यंत घोटून घ्या. पहिली अशी की गिअर न्यूट्रलमध्ये असताना स्टिअरिंग फिरवून जवळजवळ काहीच होत नाही. या बोटीला वेगळं सुकाणू नाही, प्रॉपेलरचा झोत हेच तिचं सुकाणू. म्हणून आधी स्टिअरिंग फिरवायचं, मग गिअर टाकायचा. दुसरी गोष्ट वारा. ॲल्युमिनियमची बोट हलकी असते, पाण्यात फार खोल बसत नाही, आणि तिचं पुढचं टोक वाऱ्यावर झटकन वाहवत जातं. जमेल तिथे वाऱ्याला तोंड देऊन धक्क्याकडे या, म्हणजे वारा तुमचा ब्रेक होतो. सरावाला धक्का लागतही नाही. मोकळ्या पाण्यात तरंगती उशी टाका आणि ती हाताला लागेल अशी बोट तिच्याशेजारी आणून थांबवा. वाऱ्याच्या चारही दिशांनी हे जमलं की धक्क्याची भीती राहत नाही. आणि बोट धक्क्यावर आपटणार असं दिसलं तरी मध्ये हात-पाय घालू नका. ते काम बोटीच्या बाजूला टांगलेल्या फेंडरचं आहे.

आता यादी. माझं मत स्पष्ट आहे: यंदा त्यातलं एकही घेऊ नका. कुठे मासेमारी करणार, किती दूर जाणार, किती जण बसणार हे एक मोसम गेल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर केलेली खरेदी बहुधा चुकते. वस्तू बसवण्यासाठी ॲल्युमिनियमला पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत असं नाही, पण कुणालाही ते काम करायला आवडत नाही.

पैसे जिथे घालायचे ती जागा वेगळी आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या वार्षिक अहवालांत तेच चित्र वर्षानुवर्षं दिसतं: बोटींच्या अपघातांत दगावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडून जातात, आणि त्या बुडालेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसतं. कायद्याप्रमाणे बोटीवर माणशी एक जॅकेट हवं आणि 16 फूट किंवा त्याहून लांब बोटीवर फेकता येईल असं एक तरंगतं साधनही हवं. पण सीटखाली कोंबलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या कामी येत नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी फोमचंच घ्या, फुगवायचं नको. आई-बाबांची मापं आत्ताच मागवून घ्या आणि त्यांना ते घरीच घालून पाहू द्या. साडीवर ते नीट बसत नाही, हेही आईंना आधी सांगून ठेवा.

चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची, इंजिन बंद करणारी लाल दोरी तितकीच महत्त्वाची. चालवणारा पाण्यात पडला तर ती खेचली जाते आणि इंजिन थांबतं. ती नसेल, तर रिकामी बोट गोल गोल फिरत पुन्हा त्याच माणसावर येऊ शकते. 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर वेगात जाताना ती जोडलेली असणं अमेरिकेत बंधनकारक आहे. याखेरीज 5-बी दर्जाचं अग्निशामक, शिट्टी किंवा हॉर्न, दिवस-रात्र दिसणारे संकटसंकेत आणि पाण्यात तरंगणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ हवा. रेडिओ 16 नंबरच्या चॅनेलवर ठेवा, कोस्ट गार्ड तिथे ऐकत असतं. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीला बोटीच्या पुढच्या टोकाची उंची मिळवून जे येईल त्याच्या सातपट सोडतात. 10 फूट पाणी आणि 2 फूट उंची धरली तर 84 फूट. नांगर नेहमी पुढूनच टाकायचा. मागून टाकला, तर लाटा बोटीत शिरतात.

ट्रेलरकडे नवे मालक दुर्लक्ष करतात, आणि रस्त्यात अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. जाहिरातीतलं वजन नुसत्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, ट्रेलर, सामान आणि गॅलनला सुमारे 6 पौंड या हिशेबाने पेट्रोल मिळवा आणि मग ते गाडीच्या क्षमतेशी ताडून पाहा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकवर यायला हवा. त्याहून कमी आला तर हायवेवर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. साखळ्या जोडताना एकमेकींवरून तिरक्या घ्या. रॅम्पवर पोचल्या पोचल्या बोट पाण्यात ढकलू नका. लांब प्रवासात चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. ते गार पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वंगण बिघडतं, मग बेअरिंगही जातं. दहा-पंधरा मिनिटं बाजूला थांबा. तेवढ्यात मागचे पट्टे सोडा, फेंडर आणि दोर बांधा, आणि बोटीच्या बुडाचं बूच घट्ट बसवा. विंचचा पट्टा मात्र बोट तरंगेपर्यंत सोडायचा नाही.

ट्रेलर रिव्हर्स घेण्याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्या बाजूला हात सरकवा. हालचाल थोडी ठेवा, आणि बिघडलं की पुढे जाऊन पुन्हा सरळ व्हा.

परतताना बोट बाहेर काढली की बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडा. वाहून नेताना बूच काढलेलं असणं मिशिगनमध्ये 2019 पासून कायद्याने सक्तीचं आहे. बोटीत उरलेल्या पाण्यातून परके जीव दुसऱ्या तळ्यांत जाऊ नयेत म्हणून हे आहे, आणि त्याचं उदाहरण लेक सेंट क्लेअरच आहे. झेब्रा मसल ही बाहेरून आलेली शिंपली 1988 मध्ये याच तळ्यात सापडली, आणि तिथून ती कुठल्या कुठे पसरली.

या तळ्याची सरासरी खोली जेमतेम 11 फूट आहे, म्हणून वारा सुटला की थोड्याच वेळात आखूड, उभ्या लाटा उठतात. शिवाय मधल्या खोदलेल्या मार्गातून प्रचंड मालवाहू जहाजं जातात. त्यांना चटकन थांबता येत नाही, बाजूला व्हायचं ते तुम्हीच. तळ्याचा मोठा भाग कॅनडाचा आहे. त्या बाजूला नांगर टाकला किंवा किनाऱ्याला लागलात तर तो परदेशात प्रवेश ठरतो. घरात कुणी व्हिसावर असेल, तर हे विसरून चालणार नाही, आणि आई-बाबा तर व्हिसावरच असणार. बोयांचे रंगही लक्षात ठेवा. बंदरात शिरताना अमेरिकेत लाल बोया उजव्या हाताला येतो, मुंबईत डाव्या. जगात या खुणांचे दोन विभाग आहेत, आणि भारत व अमेरिका वेगवेगळ्या विभागांत पडतात.

30 जून 1996 नंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये बोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. तुम्हाला बहुधा लागणार नाही, तरी तो कोर्स दोघांनीही करा. आणि बोटीत किती माणसं आणि किती पौंड चालतात, हे लिहिलेली पाटी स्टिअरिंगजवळ असते, ती आजच वाचा. जुलैत आई-बाबांना नेण्याआधी तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाला ती बोट एकट्याने धक्क्याला लावता आली पाहिजे. चालवणारा एकच असेल आणि त्यालाच काही झालं, तर बाकीच्यांना किनाऱ्यावर आणणारं कुणी उरत नाही. ते जमत नसेल, तर सहल ऑगस्टवर ढकला.