हिवाळ्यातील प्रवास, उघड्यावरचा मुक्काम आणि आपले आरोग्य



आपल्या समाजाचे मोठे मेळे ऐन थंडीत येतात. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, २५ डिसेंबरला देहूरोड, १ जानेवारीला कोरेगाव भीमा आणि ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव. देहूरोड तर आपल्या रावेतच्या शेजारीच आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी ते १ जानेवारी १९२७ रोजी गेले होते. या ठिकाणी लांबून येणारी माणसे रात्रभर टेम्पोत बसून येतात, मैदानात किंवा रस्त्याच्या कडेला पथारी टाकतात. त्यांत वृद्ध असतात, कडेवरची लेकरेही असतात.

"बाबासाहेबांसाठी एवढे हाल सोसले तर काय बिघडले?" असे पुष्कळ जण म्हणतात. त्यामागील भावना मोलाची आहे. परंतु देह झिजविणे म्हणजे धम्म नव्हे. तथागतांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला. थंडीच्या बाबतीत त्यांनी काय केले, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे.

तथागतांची चाचणी

विनयपिटकातील महावग्गात ही हकिकत आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना भगवंतांना वाटेत चीवरांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर व कमरेवर वाहणारे भिक्खू दिसले. भिक्खूला किती वस्त्रे पुरेत, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी कडाक्याच्या थंडीत ते रात्री उघड्यावर बसले. प्रथम एकच चीवर पुरले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा दुसरे घेतले. मधल्या प्रहरानंतर तिसरे आणि पहाटे चौथे. मग त्यांनी तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. वस्त्रे तीन, पण पदर चार!

गाठोड्याचे ओझे नको आणि कुडकुडणेही नको, हाच मध्यम मार्ग. शिवाय हा नियम ऐकीव गोष्टीवरून नव्हे, तर स्वतःच्या शरीरावर पडताळून केलेला आहे.

कपडे व अंथरूण

पदरांचे महत्त्व आजचे विज्ञानही सांगते. दोन पदरांमध्ये अडकलेली हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन-चार पातळ कपडे एकावर एक घालावेत. कानटोपी किंवा मफलर विसरू नये. घामाने वा दवाने ओले झालेले कपडे झोपण्यापूर्वी बदलावेत, कारण ओले कापड ऊब झपाट्याने ओढून घेते. कोरड्या पायमोज्यांचा एक जोड पिशवीत वेगळा ठेवावा.

पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करावा. थंड जमीन रात्रभर अंगातील ऊब शोषते. खाली ताडपत्री, तिच्यावर पुठ्ठा, पेंढा किंवा वर्तमानपत्रांचे जाड थर आणि मग वाकळ घालावी. आपल्या पवनाकाठासारख्या सखल, नदीलगतच्या जागी पहाटे गारठा व दव अधिक असते. मुक्कामाला उंच व आडोशाची जागा पाहावी.

दोन जीवघेण्या चुका

पहिली चूक म्हणजे बंद जागेत शेगडी ठेवणे. ट्रकच्या केबिनमध्ये, बंद तंबूत वा खोलीत पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच दगावतो. शेकोटी उघड्यावरच करावी व झोपण्यापूर्वी पूर्ण विझवावी.

दुसरी चूक म्हणजे ऊब यावी म्हणून दारू पिणे. दारूने त्वचेजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम झाल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात आतील उष्णता बाहेर पडते. पाचवे शील येथे प्राणरक्षकही ठरते.

आहार, पाणी व आजार

बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तीळ, गूळ हा आपला प्रवासाचा उत्तम शिधा. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी पीत राहावे व ते शक्यतो उकळलेले असावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा.

लहान मुलाला खोकला असेल तर ते शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छाती आत ओढली जात असल्यास मुळीच वेळ दवडू नये.

थंडीत रक्तदाब वाढतो. म्हणून वृद्धांनी नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्त पुरतील इतक्या सोबत ठेवाव्यात. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला, बरळू लागला, गुंगीत गेला, तर त्याला बरे वाटले असे समजू नये. तो धोक्यात आहे. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपले कर्तव्य

आपण वर्षातून चार रात्री उघड्यावर काढतो. काही जणांचा सबंध हिवाळा तसा जातो. कासारसाईच्या साखर कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत राहणारे ऊसतोड कामगार, आपल्याकडील इमारतींवर राबणारे मजूर, चाकणच्या रस्त्यावर गाडीतच झोपणारे चालक यांनाही ही माहिती हवी आहे. घोंगडी द्यावी, सोबत ताडपत्री द्यावी आणि शेगडीचा धोका समजावून सांगावा.

महावग्गातच पुढे अतिसाराने पडून राहिलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि संघाला समजावले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? प्रवासात आपली टोळी हाच आपला संघ. म्हणून प्रत्येक गाडीत एकाने तरी रात्री उठून वृद्धांची व मुलांची पांघरुणे पाहावीत, अशी आमची विनंती आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. तीन चीवरांत चार पदर कसे होतात?
२. बंद जागेतील शेगडी घातक का ठरते?
३. आपल्या घरातील लहान मुलाचा श्वास एक मिनिट मोजा व लिहून ठेवा.