डीएपीची गोणी फोडण्याआधी

कर्जत तालुक्याच्या शेलू-नेरळ पट्ट्यात प्लॉट घेणारा माणूस आधी कुंपण घालतो, मग बोअर मारतो आणि पावसाच्या तोंडावर साग लावतो. कडेनं सिल्व्हर ओक, हौस असेल तर बांबू. खड्डे तयार झाले की दुकानदार सांगतो, "खड्ड्याला मूठभर डीएपी टाका." त्या मुठीचा हिशेब कुणी करत नाही. आमची भातखाचरं अशाच एका प्लॉटच्या पायथ्याला आहेत, म्हणून तो मला करावा लागला.

दोन बाय दोन मीटरवर लावलं तर एकरी हजार खड्डे. खड्ड्याला १०० ग्रॅम धरले तर १०० किलो, म्हणजे दोन गोण्या. गोणीवर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ४६ टक्के लिहिलेलं असतं, पण ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं. शुद्ध फॉस्फरस काढायला त्याला २.२९ ने भागायचं. दोन गोण्यांत वीस किलो निघतो, म्हणजे हेक्टरी पन्नास. आता माती परीक्षणाचा मापदंड बघा : उपलब्ध फॉस्फरस हेक्टरी १० किलोच्या आत असेल तर जमीन कमी, १० ते २५ मध्यम, त्यापुढे भरपूर. हा आकडा शुद्ध फॉस्फरसचा आहे की ऑक्साइडचा, ते अहवाल हातात घेतल्या घेतल्या विचारा. नाहीतर सव्वादोन पटींची चूक सहज होते.

वरच्या प्लॉटवर ही मूठ दरवर्षी पडली, शिवाय कोंबडीखत. तालुक्यात पोल्ट्र्या भरपूर, खत स्वस्तात दारात येतं. पण कोंबडीखतात झाडाच्या गरजेच्या मानानं स्फुरद फार. नत्राची भूक भागेपर्यंत स्फुरदाचा ढीग साचतो. साग सुरुवातीला फोफावला. मग कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडायला लागली. खत कमी पडतंय असं निदान झालं आणि आणखी एक गोणी आली. स्फुरद अति झालं तर झाडाला जस्त आणि लोह नीट मिळत नाही, हे त्या निदानात नव्हतंच. सागाच्या मुळांशी राहून त्याला दुरून स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशीही आयतं मिळू लागलं की मागे हटते. सिल्व्हर ओकचं कूळ तर हलक्या मातीतून कण कण वेचणाऱ्या झाडांचं. त्या कुळातल्या कित्येकांना जास्त स्फुरद चक्क बाधतं. या सगळ्यात खरी चैन झाली रानमोडी या उपऱ्या तणाची. ती पुरुषभर वाढली.

"स्फुरद कुठं जात नाही, जमिनीतच राहतं," असं प्लॉटवाले म्हणायचे. माणूस भला आणि म्हणणंही अर्धं खरं. आपल्या तांबूस मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं, नत्रासारखं ते पाण्यात विरघळून निघून जात नाही. पण मातीच निघून गेली तर? जेसीबीनं उतार साफ केलेला, गवताचं मूळ शिल्लक नाही आणि इथला पाऊस चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. जूनमध्ये आमच्या ओहोळाला तांबडं पाणी आलं. पावसाळा सरला तशी खालच्या तळीवर हिरवी साय धरली आणि म्हशी तिथलं पाणी प्यायला कांकू करू लागल्या.

तलावात एक लिटर पाण्यामागे ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की शेवाळाला रान मोकळं होतं. या हिशेबानं एक किलो फॉस्फरस पावणेतीन कोटी लिटरांहून जास्त पाण्याला पुरतो. कॅनडात ओंटारियोमधल्या एका तलावाचे १९७३ मध्ये पडदा लावून दोन भाग केले होते. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं, फॉस्फरस फक्त एका बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. आमचा ओहोळ उल्हासला मिळतो आणि उल्हास बदलापूर-कल्याणकडे जाते. तिकडच्या जलपर्णीचं मोठं पाप शहरांच्या सांडपाण्याचं आहे, इथल्या सागांचं नाही. पण तळी आमची होती.

आणि कमी स्फुरदावर रान जगतच नाही, असंही नाही. हवाई बेटंही आपल्या सह्याद्रीसारखीच बेसॉल्टची. त्यातल्या काउआई बेटावर चाळीसेक लाख वर्षांच्या जुन्या जमिनीतला दगडाचा फॉस्फरस जवळजवळ संपलेला आहे आणि तिथलं जंगल काही अंशी आशियाच्या वाळवंटांतून उडत आलेल्या धुळीवर तगतं. अशा काटकसरी रानाला गोणी दाखवली तर आधी पुढे सरसावतात ती उपरी झाडं. आमचे म्हातारेही बेतानंच खत द्यायचे : भाताच्या रोपांच्या जागेवर टाहाळ्या-पाला जाळून राब भाजायचे. धुरामुळे आणि ऐनाच्या तोडलेल्या टाहाळ्यांमुळे मला ते फारसं आवडत नाही, पण राख पडायची ती बांध घातलेल्या लहानशा जागेत आणि भाताची रोपंही तिथंच वाढायची.

तेव्हा लागवड करायची असेल तर एप्रिल-मेमध्ये माती काढा. उताराचा माथा, मध्य आणि पायथा यांचे नमुने वेगळे ठेवा, एकत्र कालवू नका. सामू आम्लाकडे असेल तर स्फुरदाची तपासणी ब्रे पद्धतीनं व्हावी, ६.५ च्या वर असेल तर ऑल्सेन. अडलं तर कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. ते भातासाठी नावाजलेलं असलं तरी माती तीच. अहवालात स्फुरद खरंच कमी निघालं तर सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून खड्ड्यात खोल टाका आणि मातीनं झाका. पुढची मात्रा पुढच्या अहवालावर. मध्यम किंवा भरपूर असेल तर नुसतं शेणखत, तेही बेतानं. डीएपी उतारावर फेकू तर कधीच नका.

त्याहीआधी माती अडवा. जेसीबीला खड्ड्यांपुरतंच काम द्या, मधलं गवत राहू दे, वाढलं तर कापून तिथंच अंथरा. उताराला आडवे समतल चर, चराच्या कडेला वाळा. ओहोळालगतचा पट्टा लागवडीतून सोडून द्या, तिथं करंज-उंबर आपसूक येतात. आणि तळीतला गाळ उन्हाळ्यात काढाल तेव्हा तो परत माथ्यावर नेऊ नका. त्याचीही तपासणी करा आणि ज्या खाचरात स्फुरद कमी आहे तिथं पसरा. आम्ही तेच केलं, म्हणून यंदा भाताला स्फुरदाचं खत विकत आणलेलं नाही.