लोखंडी बोटीचा तळ आणि डांबरी लेप

कोकणातल्या खाड्यांत लोखंडी तळाच्या तरी, बार्जी आणि लहान मालवाहू बोटी आता सर्रास दिसतात. मे महिना आला की त्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि तळ रंगवणाऱ्या कारागिरांना मागणी येते. भांडवल थोडे आणि मजुरी बरी, म्हणून आपल्या तरुणांनी हा धंदा शिकण्यासारखा आहे. मात्र तो 'काळा रंग फासणे' एवढाच नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही भागीदारीत एका तरीचे काम घेतले. मालकाला घाई होती, आम्हालाही पुढचे काम गाठायचे होते. खरवडून झाले, पण गोड्या पाण्याने न धुताच लेप चढवला. पुढच्या वर्षी तरी वर काढली तेव्हा जागोजाग फोड आले होते. ते फोडले तर आतून खारे पाणी निघाले आणि पत्र्याला खड्डे पडलेले दिसले. काम पदरमोड करून पुन्हा करून द्यावे लागले. नफा गेला तो गेलाच, नावही गेले. हा धडा वाचकांना फुकट मिळावा म्हणून लिहीत आहोत.

लेप करतो काय?
लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. डांबरी लेप पाण्याला पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. पण मीठ आत राहिले तर ते लेपातून ओल ओढून घेते आणि फोड येतात. येथे डांबर म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे बिटुमेन. दगडी कोळशाचे डामर वेगळे. त्यातील द्रव्ये कर्करोगाला कारण होतात, म्हणून डबा घेताना लेबल वाचून घ्यावे.

कामाचा क्रम
१) शेवाळ, शिंपले व सुटा गंज खरवडून काढावा. तेलकट डाग साबणाच्या पाण्याने धुवावेत.
२) संपूर्ण तळ गोड्या पाण्याने भरपूर धुवावा.
३) वाळल्यावर तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पत्रा साफ करावा व धूळ झाडावी.
४) ओल्या फडक्याने एक पट्टा पुसावा. तो पंधरा मिनिटांत वाळला नाही तर हवा दमट आहे, त्या दिवशी लेप लावू नये.
५) वेल्डिंगचे सांधे व कडा आधी ब्रशने रंगवाव्यात, मग सगळीकडे हात मारावा. प्रत्येक हात डब्यावर सांगितल्याइतका वाळू द्यावा.
६) जस्ताचे ठोकळे कधीही रंगवू नयेत. पत्र्याऐवजी ते स्वतः झिजतात, म्हणूनच ते बसवलेले असतात.

मालाचा हिशेब
सपाट तळाची बोट १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि पाऊण मीटर पाण्यात बुडणारी धरू. तळ ३६, दोन बाजू १८ व दोन टोके साडेचार, एकूण साडेअठ्ठावन्न चौरस मीटर. ओला थर १२५ मायक्रॉनचा दिला तर एका लिटरमध्ये ८ चौरस मीटर होतात. म्हणजे एका हाताला सुमारे सव्वासात लिटर, तीन हातांना २२ लिटर. पाचवा हिस्सा वाया जाईल असे धरून साडेसत्तावीस लिटर माल घ्यावा. अंदाजाने भाव सांगणारा येथेच बुडतो.

सावधगिरी
डिझेल, रॉकेलने हा लेप विरघळतो, म्हणून इंधन सांडू देऊ नये. उन्हात तो तडकतो, तेव्हा पाण्याच्या रेषेखालीच त्याचा खरा उपयोग. तो शिंपले रोखत नाही. समुद्रात चालणाऱ्या बोटीला त्यासाठी वेगळा रंग लागतो, आणि तो डांबरावर चालतो की नाही हे उत्पादकाला विचारूनच लावावा. लेपाच्या वाफा पेट घेतात. जवळ विडी-काडी नको, डबा चुलीवर तापवणे नको आणि बंद जागेत एकट्याने काम करणे तर मुळीच नको.

काम घेताना कागद करावा. खरवडणे कोणाकडे, हात किती, माल कोणाचा आणि पावसामुळे काम थांबल्यास काय, हे त्यात स्पष्ट असावे. मालक घाई करू लागला तर नम्रपणे नकार द्यावा. पाण्याखाली गेलेले काम मालकाला दिसत नाही. ते वर्षभराने वर येते, तेव्हा कारागिराचे नावही त्याबरोबर वर येते.