हन्नेचा लहानसा झगा

(परक्या लेकराच्या प्रतिपालनाविषयी पाठ. वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल १:२१-२८, २:१२-२१ व ३:१-१०, निर्गम २:१-११, एस्तेर २:५-११.)

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक वचन असे आहे की वाचताना आपण तेथे बहुधा थांबत नाही. हन्ना दरवर्षी नवऱ्याबरोबर यज्ञाकरिता शिलोस जाई, तेव्हा आपल्या मुलाकरिता एक लहानसा झगा शिवून नेत असे. शिवणकाम जाणणाऱ्या आमच्या भगिनींस ह्यातील अडचण तत्काळ कळेल. मूल डोळ्यांपुढे नाही, माप घेता येत नाही; वर्षभरात ते किती वाढले असेल हे आईने मनानेच ताडावयाचे. दुसरीही गोष्ट ध्यानात घ्यावी. एली याजकाने असे म्हटले नाही की पोरगा आता आमचा झाला, त्याचे अन्नवस्त्र आम्ही पाहू, तुम्ही वरचेवर येऊन त्याचे मन का चाळविता? उलट त्याने त्या मातापित्यांस आशीर्वाद दिला. शमुवेल अनाथ नव्हता, नवसाने वाहिलेला होता, यास्तव हा भाग निराधार मुलांच्या पालनाचा नियम म्हणून घेता येणार नाही, हे खरे. परंतु दुसऱ्याचे लेकरू आपल्या छपराखाली वाढवावयाचे तर त्याच्या आईच्या झग्याकरिता आपल्या घरात एक खुंटी असावी, एवढे तरी त्यातून शिकता येते. आणि आजचा आमचा विषय तोच आहे.

आमच्या मंडळ्यांत दत्तक व प्रतिपालन ह्यांची नेहमी गल्लत होते. दत्तक घेतलेले मूल सर्वस्वी आपले होते. नाव आपले, वारसा आपला, जन्मदात्यांशी कायद्याचे नाते सुटलेले. प्रतिपालकत्वात तसे नाही. आई मेली व बाप दारूच्या पायी घर विसरला, आईबाप तुरुंगात आहेत, किंवा असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळले आहेत, अशा घरचे मूल बाल कल्याण समितीच्या हुकुमाने काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते. तो काळ थोडा असेल अथवा लांबेल. समितीस अहितकारक वाटले नाही तर आईबाप त्यास भेटू शकतात, आणि घर सावरले म्हणजे मूल परतही जाते.

ख्रिस्ती लोकांस फार वर्षे दत्तकाचा मार्ग कायद्याने मोकळा नव्हता, म्हणूनही ही गल्लत झाली असावी. १९५६ चा दत्तकाचा कायदा आम्हांस लागू नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली आमच्या लोकांस पालक तेवढे होता येई, आणि मूल वयात आले की ते नाते संपे. २००० च्या बाल न्यायाच्या कायद्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने तो मार्ग सर्व धर्मांच्या लोकांस उघडला, आणि २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमात तो पुढे चालू राहिला. प्रतिपालकत्व ह्याच अधिनियमाच्या ४४ व्या कलमात सांगितले आहे. २०२४ च्या सूचनांप्रमाणे मूल दोन वर्षे एका घरी राहिले व दत्तकास मोकळे झाले, तर त्या कुटुंबास त्याच्या दत्तकाकरिता अर्ज करता येतो. तथापि ह्याच आशेवर कोणी प्रतिपालक होऊ नये. ज्याच्या मनात पहिल्या दिवसापासून आईने परत येऊ नये अशी इच्छा असते, त्याच्या घरी मुलास आईचे नाव काढण्याची चोरी होते.

आता मोशेकडे वळू. फारोच्या कन्येस पेटाऱ्यात मूल सापडले, आणि मोशेच्या बहिणीच्या शहाणपणाने ते त्याच्या स्वतःच्या आईकडेच दूध पाजण्यास आले. वर तिला वेतनही मिळाले. आपल्याच लेकरास पाजण्याबद्दल पैसे घेण्याची लाज त्या माउलीस वाटली असे शास्त्र सांगत नाही. सरकारचे साहाय्य घेणे म्हणजे लेकराचा पैसा खाणे, असे मानणारे सज्जन आमच्या खेड्यांत आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेत २०२३ पासून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये ठरले आहेत, आणि मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या सूचनांत प्रतिपालनासाठी दरमहा ४,००० रुपये सांगितले आहेत. नातू सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आजीस व लेकरांसह मागे राहिलेल्या विधवेसही बाल संगोपनाचा अर्ज करता येतो. आमच्या पुष्कळ विधवा भगिनींस हे कोणी सांगितलेलेच नाही. उपदेशकांनी घरभेटीस जाताना प्रार्थनेबरोबर हेही सांगावे व अर्ज लिहून द्यावा. मात्र पैसा मुलाचा आहे. तो वहीत मांडावा, आणि त्यातून घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे भांडे घेऊ नये.

मोशेच्याच गोष्टीत आणखी एक धडा आहे, आणि तो आम्हां ख्रिस्ती लोकांस किंचित कठीण जाईल. राजवाड्यात वाढूनही तो प्रौढ झाल्यावर आपल्या बांधवांकडे गेला. आपण कोणाचे आहोत हे त्यास ठाऊक होते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २० व्या कलमात, घराबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या धर्माचा, भाषेचा व रीतिरिवाजांचा विचार राखावा असे म्हटले आहे, व आपल्या देशाने १९९२ साली तो करार स्वीकारला. हिंदू, मुसलमान वा बौद्ध घरचे मूल आमच्या घरी काही महिने राहावयास आले, म्हणजे ते बाप्तिस्म्यासाठी आणून दिलेले पीक नव्हे. आम्ही हे ठामपणे लिहितो, कारण ह्याविरुद्ध कुजबुज आम्ही मंडळीत ऐकली आहे. आम्ही भोजनापूर्वी प्रार्थना करतो ते त्यास दिसेलच, ती लपवावी असे कोणी म्हणत नाही. परंतु त्याचे नाव बदलू नये, त्याच्या देवाची थट्टा करू नये, त्याच्या सणाच्या दिवशी त्यास नवे कपडे मिळाले नाहीत असे होऊ नये. आई तुरुंगातून सुटून आली व आपले लेकरू तिला ओळखू येईना, तर आमची साक्ष तिच्यापुढे काय राहिली?

कित्येक उपदेशक बंधू विचारतात, रस्त्यावर वा बाजारात एकटे सापडलेले मूल घरी आणले तर पाप काय? त्या घटकेस त्यास खाऊ घालणे व जवळ बसविणे ह्यात पाप नाही. परंतु आईबापांपासून तुटलेले मूल दिसले म्हणजे चोवीस तासांच्या आत १०९८ ह्या क्रमांकावर, पोलिसांस किंवा बाल कल्याण समितीस कळविले पाहिजे. न कळविणे हा गुन्हा आहे. गुपचूप एखाद्या निपुत्रिक जोडप्याच्या ओटीत ते घालणे तर फार मोठा गुन्हा आहे; त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. कोणी म्हणेल, चांगल्या हेतूवर इतका कडक कायदा कशाला? कारण मुले विकणारेही तोंडाने चांगलाच हेतू सांगतात. शिवाय त्या मुलास कोठे तरी शोधीत फिरणारी आई असू शकते, आणि आमच्या मायेपायी तिची वाट बंद होते.

प्रतिपालक होण्याची रीत थोडक्यात अशी. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा. तेथील कार्यकर्ते घरी येऊन माणसे, उत्पन्न, आरोग्य व घरातल्या इतर मुलांचे मत पाहतात. समिती हुकूम देते, आणि पुढेही तपासणी होत राहते. सहा वर्षांवरील मुलांकरिता ही व्यवस्था आहे. जोडप्याचा संसार निदान दोन वर्षांचा स्थिर असावा. पस्तीस ते साठ वर्षांच्या एकट्या स्त्रीस वा पुरुषासही २०२४ पासून अर्ज करता येतो, परंतु एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. भावंडे असल्यास होईल तो एकत्र ठेवण्याचा यत्न होतो. तपासणीस आलेल्या बाईस पाहून काही घरांचा मानभंग होतो, असे आम्हांस कळते. तो होऊ नये. तिला चहा द्यावा आणि मुलास तिच्याशी एकटे बोलू द्यावे.

ह्या एकटे बोलू देण्याचे महत्त्व एलीच्याच घरावरून पाहा. ज्या घरी शमुवेल झोपत असे, त्याच घरचे हफनी व फिनहास होते. ते दुराचारी होते, स्त्रियांस भ्रष्ट करीत, आणि बापाने ते ऐकूनही त्यांस आवरले नाही. याजकाचे घर म्हणून ते निर्धोक नव्हते. उपदेशकाचे, वडिलांचे अथवा पाळकाचे घर आहे एवढ्यावरून आम्ही डोळे मिटू नयेत. परक्या घरातल्या मुलास ओरडावयास बळ कमी असते. पोर घाबरले, गप्प झाले, कोणा एकाजवळ जाण्यास नाही म्हणू लागले, तर मंडळीची अब्रू आधी पाहू नये. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांस सांगणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि पंचकमिटीत मिटविण्याची ती गोष्ट नव्हे.

दुसरा धोका अधिक साधा आहे, व म्हणूनच अधिक घरांत शिरतो. पोर येते, चार दिवस कौतुक होते, पाचव्या दिवशी पाण्याची घागर त्याच्या डोक्यावर चढते, आणि महिन्याने शाळा सुटते. घरातली मुले काम करतात तेवढे त्यानेही करावे, त्यात वावगे काही नाही. परंतु त्यांच्याहून अधिक करू नये, आणि ताट त्यांच्याच पंक्तीस असावे. दावीदाने योनाथानाच्या पांगळ्या मुलास, मफीबोशेथास, स्वयंपाकघराच्या दाराशी वाढले नाही, आपल्या मेजावर राजपुत्रांबरोबर बसविले.

अशी लेकरे सोपी नसतात, हेही सांगितले पाहिजे. पोट भरले असताही ती भाकर गोधडीखाली दडवून ठेवतात, कारण उद्या मिळेल ह्याचा त्यांस भरवसा नसतो. भाकर सापडली म्हणून चोर म्हणू नये; चुलीजवळ एक टोपली ठेवून भूक लागेल तेव्हा येथून घे असे सांगावे, म्हणजे काही आठवड्यांनी दडविणे बहुधा आपोआप थांबते. कोणी अंथरूण ओले करते, कोणी विनाकारण खोटे बोलते, कोणी इतके आज्ञाधारक होते की त्याचीच काळजी वाटावी. आई म्हण, असा आग्रह धरू नये. मावशी, काकू, आत्या, जे त्याच्या तोंडी येईल ते पुरे. आणि त्याचा बाप कितीही बिघडलेला असो, त्याच्यादेखत त्या बापास शिव्या देऊ नयेत; मूल त्या आपल्या अंगावर घेते. शमुवेल एका रात्री तीन वेळा उठून एलीकडे धावत गेला. त्या वृद्धाची झोप मोडली, पण त्याने त्यास खडसावले नाही, जा बाळा, नीज, एवढेच म्हटले. एलीचे दोष आम्ही वर सांगितलेच आहेत. हा गुणही त्याच्या पदरी घालावा.

सर्वांनीच मुले घ्यावीत असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरी नवराबायकोचे एकमत नाही, तेथे मुळीच घेऊ नये. परंतु एका घराने मूल घेतले तर दहा घरांनी हात लावावा : कोणी दूध द्यावे, कोणी संध्याकाळी अभ्यास घ्यावा, कोणी त्या प्रतिपालक बाईस महिन्यातून एक दिवस माहेरी जाऊ द्यावे. आमच्या वडीलधाऱ्यांनी हे ओझे उचलले होते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींस केडगावी आसरा दिला, आणि रेव्ह. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांच्या घरी स्वतःच्या लेकरांबरोबर परकी लेकरेही वाढली. त्या वेळी मोठ्या आश्रमांवाचून गत्यंतर नव्हते. आज कायदाही असे म्हणतो की संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, आणि कुटुंब मिळत असेल तर मुलास कुटुंब द्यावे. आमच्या दोन खोल्यांच्या घरांस हा मान आहे, असे आम्हांस वाटते.

राहिला वियोग. पुष्कळ भगिनी म्हणतात, जीव लावावयाचा आणि मग सोडावयाचे, हे आमच्याने होणार नाही. ह्या बोलण्यास आम्ही हसत नाही. हा सौदा खरोखरच महाग आहे. पण जीव न लावता ठेवलेले मूल वाढत नाही, म्हणून ही किंमत ज्यास शक्ती आहे त्याने द्यावयाची. जाण्याचा दिवस ठरला म्हणजे मुलास आधी सांगावे, अचानक गाडीत बसवू नये. त्याचे कपडे, वह्या, शाळेचे दाखले व येथे काढलेले एखादे छायाचित्र त्याच्या हाती द्यावे. आपल्या घरातल्या मुलांसही रडू द्यावे.

मर्दखयाने आईबाप नसलेल्या आपल्या चुलतबहिणीस, एस्तेरेस, मुलीप्रमाणे वाढविले. पुढे ती राजवाड्यात गेली, तेव्हा त्याचा तिच्यावर काही अधिकार उरला नाही. तरी तिचे कुशल कळावे म्हणून तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घालीत असे. तो आत गेला नाही व त्याने तिला परत मागितले नाही. परत गेलेल्या मुलाच्या गावी बाजाराच्या दिवशी, त्याच्या आईबापांस व समितीस विचारून, आपणही अशी एखादी फेरी घालावी, आणि शाळेत जातो की नाही एवढे विचारून यावे.