पोपटांची राखण आणि आपली राखण



उसाच्या जोडीला मका, सूर्यफूल, ज्वारी किंवा पेरूची बाग करणाऱ्या प्रत्येकाला राघूंचा थवा माहीत आहे. कणीस चिकात आले की थवा हजर. जेवढे खातो त्यापेक्षा जास्त कुरतडून खाली टाकतो. गोफण हातात घेऊन आपण बांधावर पोचतो न पोचतो, तोच चीत्कार करीत सारा थवा पसार. यांना इतक्या लांबून कळते कसे? हे समजले तर राखणीचे कष्ट वाया जाणार नाहीत, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवताही त्याला बराच मोठा घेर दिसतो. शिवाय तो खाणे पायात धरून, ताठ बसून खाऊ शकतो. म्हणजे चोच चालू आणि नजरही चालू. तरीसुद्धा दाणा टिपायला डोके खाली घालावेच लागते. शिकरा किंवा ससाणा झडप घालतो तो नेमका अशा वेळी.

इथे थव्याचा उपयोग होतो. हिशेब सोपा आहे. समजा, एक पोपट शंभरातले २० क्षण डोके वर ठेवतो. एकटा असेल तर ८० क्षण पहारा नाही. पाच असतील आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी मान वर करीत असेल, तर कोणीच पाहत नाही असे क्षण सुमारे ३३ उरतात. दहा असतील तर ११, आणि वीस असतील तर जेमतेम एक. आता विसांच्या थव्यातल्या प्रत्येकाने पाहणे निम्म्यावर आणले, तरी बिनपहाऱ्याचे क्षण १२च. म्हणजे खाणे वाढले आणि धोकाही एकट्यापेक्षा कितीतरी कमी. हा हिशेब पुलियम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली मांडला. पुढे १९७८ साली केनवर्ड यांनी इंग्लंडमध्ये शिकवलेला शिकारी पक्षी रानकबुतरांवर सोडून पाहिले. थवा जितका मोठा, तितक्या लांबून तो उडाला आणि शिकाऱ्याचे हात रिकामे राहिले.

आपल्याकडे म्हणतात, थवा एक राघू झाडाच्या शेंड्यावर राखणीला बसवतो. सातभाईंमध्ये असा पहारेकरी खरोखर असतो. पोपटांच्या बाबतीत मात्र कोणी नेमून दिलेला राखणदार धरायचे कारण नाही. जो अजून उतरला नाही किंवा खाऊन वर गेला, त्याला उंचावरून लांबचे दिसते. तो ओरडला की खालचे उठतात. काम तेच होते.

आता यातून आपण काय घ्यायचे?

एक, पहिले चार-पाच राघू उतरतात तेव्हाच हाका. थोडे असतात तेव्हा त्यांना सारखे वर पाहावे लागते, पोटभर खाता येत नाही, आणि ते लवकर जागा सोडतात. थवा जमून निर्धास्त झाला की हुसकणे अवघड.

दोन, सकाळचे पहिले दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत माळ्यावर माणूस हवाच. दिवसभर उन्हात बसून नेमक्या वेळी घरी जाणे ही राखण नव्हे.

तीन, एका जागी उभे केलेले बुजगावणे इतक्या डोळ्यांपुढे फार दिवस टिकत नाही. दाणे भरू लागल्यावरच ते उभे करा, दोन-तीन दिवसांनी जागा बदला, जोडीला चकाकणारी पट्टी किंवा डबा वाजवणे ठेवा.

चार, मोठ्या झाडांच्या व तारांच्या लगत मका-सूर्यफूल शक्यतो पेरू नका. थवा आधी तिथे बसून अंदाज घेतो, मग उतरतो.

पाच, शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरणी करावी. एकट्याचेच शेत आगाप आले तर सारा थवा त्याच्यावर पडतो. सर्वांचे एकदम आले तर नुकसान वाटले जाते आणि राखणीच्या पाळ्याही लावता येतात.

विषारी दाणे टाकण्याचा विचार कोणीही मनात आणू नये. त्याने साळुंक्या, चिमण्या मरतात, आणि मेलेले पाखरू खाऊन शिकराही मरतो. तो तर आपला बिनपगारी राखणदार. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट मारणे, पकडणे, पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे.

येत्या हंगामात आपल्या शेतात एक सकाळ नुसते पाहत बसा. थवा आधी कुठे बसतो, पहिला कोण उतरतो, किती वाजता येतो, हे वहीत टिपा. आपली राखण त्या टिपणावरून ठरवा.